लिफ्ट केलेल्या एमएम ५४० ला भंगारातला स्टॅबिलायझर बार: पुढे की मागे, आणि लिंक किती लांबीची?

गगनगिरी_५४०

नमस्कार मंडळी.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग). लिफ्ट एकूण ३ इंच: २ इंच नव्या पाट्यांच्या कमानीमुळे, १ इंच लांब शॅकलमुळे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या). टायर २३५/७५ आर १५. कच्च्या रस्त्यावर काही तक्रार नाही, पण करूळ घाट उतरताना वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला फार कलते. डावं-उजवं वळण लागोपाठ आलं की या कुशीवरून त्या कुशीवर आदळल्यासारखी येते. शॉक ॲब्सॉर्बर नवे आहेत, लिफ्टच्या मापाचेच घेतलेत.

गाडीला स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा पोलादी दांडा) नाही. भंगार बाजारात एक मिळालाय, कोणत्या गाडीचा ते दुकानदाराला सांगता आलं नाही. मापं अशी: जाडी २२ मिमी, मधला सरळ भाग ७०० मिमी, दोन टोकांच्या डोळ्यांमधलं (भोकांमधलं) अंतर ८६० मिमी, सरळ भागाच्या मध्यरेषेपासून डोळ्यापर्यंत काटकोनात २४० मिमी. वजन ३.६ किलो. रंग उडालेला, बुश बसतात तिथे गंज. बुश आणि लिंक (बाराचं टोक ॲक्सलला जोडणारे उभे दांडे) मिळाले नाहीत.

विचारायचं असं: बार पुढे लावू की मागे? बार चासीवर आणि लिंक ॲक्सलवर, की उलट? लिंकची लांबी कशी काढायची? वेल्डिंगवाला म्हणतो की टायर लागला तर गॅसवर तापवून टोकं थोडी आत वळवून देतो. चालेल का?

———

कमानपाटा

आधी एक गोष्ट पक्की करा, कारण बार एकाच दुखण्यावर लागू पडतो. गाडी वळणावर कलते ते वेगळं, आणि सरळ रस्त्यावर भरकटते, स्टिअरिंग सोडलं की मधे परत येत नाही, ते वेगळं. दुसरं दुखणं बारने तसूभरही कमी होणार नाही.

तुमच्या लिफ्टमधला १ इंच शॅकलचा आहे, म्हणजे शॅकल मूळच्यापेक्षा साधारण ५० मिमी लांब असणार. या जीपला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं नाक खाली जातं, ॲक्सलचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतं. त्यामुळे हलकं, तरंगणारं स्टिअरिंग येतं आणि माणूस म्हणतो गाडी डोलते. तसं असेल तर २ ते ४ अंशांची पोलादी वेज (पाचर) पाट्यावर घालून कॅस्टर परत आणायचं. ॲल्युमिनियमची वेज घेऊ नका, दाबाखाली फुटते आणि यू बोल्ट ढिले पडतात. वेज घातली की डिफचं (डिफरन्शियलचं) पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतो ते टोक, खाली तोंड करतं आणि जॉइंटचा कोन वाढतो, म्हणून लागेल तेवढीच.

मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, किंग पिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या पिनच्या) बेअरिंगला खेळ आहे का बघा. शॅकलच्या बुशमध्ये आणि पट्ट्यांमध्ये आडवा खेळ बघा. लांब शॅकलच्या दोन पट्ट्या मधे जोडलेल्या नसतील तर त्या वळणावर आडव्या लवतात. मधे एक पाइप-बोल्टचा आडवा जोड द्या.

हे सगळं ठीक असूनही घाटात कलत असेल तर बार लावायचाच. शॉक ॲब्सॉर्बर कलण्याचा वेग रोखतो, लांबलचक वळणावर शेवटी गाडी किती कलणार ते ठरवत नाही. ते पाटे आणि बार ठरवतात. नवे शॉक घालूनही फरक पडला नाही याचं कारण हेच.

———

उद्यमनगर_लेथ

कोणत्या गाडीचा बार आहे याने काही अडत नाही. जाडी, आर्मची (वळलेल्या टोकाची) लांबी, सरळ भागाची लांबी आणि डोळ्यांमधलं अंतर ही चार मापं कळली की पुरे, आणि ती तुम्ही दिलीत.

आधी बार भरीव आहे का ते. २२ मिमी भरीव पोलादाचं वजन मीटरला साधारण ३ किलो. तुमच्या मापांवरून बाराची एकूण लांबी १.२ मीटर निघते, म्हणजे ३.६ किलो. जुळलं, भरीव आहे. पोकळ बार असता तर भंगारातला घेऊच नका म्हणालो असतो, कारण आतला गंज बाहेरून दिसत नाही.

आता तपासणी. बुशच्या जागेवरचा गंज वायर ब्रशने आणि मग १२० च्या पॉलिश पेपरने उतरवा. ग्राइंडर लावू नका, ग्राइंडरचा आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. साफ झाल्यावर व्हर्निअरने त्याच जागी दोन दिशांनी जाडी मोजा. बाराचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. २२ चा २१ झाला तर १७ टक्के गेले, २० झाला तर जवळजवळ एक तृतीयांश गेला. १ मिमीपेक्षा जास्त झीज असेल, किंवा नखाला अडकतील असे खड्डे असतील, तर बार परत करा. खड्डे असलेला बार एक दिवस बुशच्या कडेलाच तुटतो.

मग तो सपाट मार्किंग टेबलावर ठेवा. सरळ भाग टेबलाला चिकटवून धरला की दोन्ही डोळे सारख्याच उंचीवर हवेत. ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे बार पिळला गेलाय, बहुधा अपघाताच्या गाडीचा. असा बार लावला तर गाडी सपाट रस्त्यावरही एका बाजूला कलून उभी राहील.

शेवटी तडे. कोल्हापूरला फाउंड्री भरपूर, डाय पेनिट्रंट कुठेही मिळेल. तीन डबे असतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. क्लीनरने पुसा, लाल फवारा, १०-१५ मिनिटं थांबा, फडक्याने पुसून काढा (क्लीनर फडक्यावर घ्यायचा, बारावर थेट मारायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो), मग पांढरा फवारा. वळणाची आतली बाजू, डोळ्याच्या मानेपाशी चपटा होतो ती जागा, आणि बुशच्या कडा, या तीन ठिकाणी लाल रेघ उमटते का बघा. उमटली तर बार भंगारातच परत.

गॅसवर तापवून वळवायचं मनातून काढून टाका. बार स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, विझवून पुन्हा ठराविक तापमानाला ताव दिलेला. गॅसने लाल केला की तेवढ्याच तुकड्याचा ताव जातो. तो सावकाश थंड झाला तर मऊ पडून हळूहळू वाकतो, पाण्यात विझवला तर कडक होऊन ताडकन तुटतो. बारावर वेल्डिंगही करायचं नाही, साधा टॅकसुद्धा नाही. जे काही जुळवायचं ते ब्रॅकेटमध्ये जुळवा, बारात नाही.

ताठपणाचा हिशेब: तुमच्या मापांना नुसत्या पिळाचा ताठपणा दोन डोळ्यांतल्या प्रत्येक १ मिमी फरकाला साधारण ४.६ किलो निघतो. आर्म लवतात, बुश दबतात, म्हणून प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास धरा. घाटात लिंकच्या जागी डाव्या-उजव्यात ४० मिमी फरक पडला तर प्रत्येक लिंकवर १३०-१४० किलोचा ओढा. या वजनाच्या जीपला हे पुरेसं आहे. कोणी २६ मिमीचा बार सुचवला तर हुरळून जाऊ नका, तो याच मापात जवळजवळ दुप्पट ताठ असतो आणि पुढची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी होतात.

———

मागचा_डिफ

मागे लावा असं सुचवेन. मागे इंजिन नाही, स्टिअरिंगचे रॉड नाहीत, जागाच जागा. एका दिवसात काम होतं. कलणं तर पुढूनही थांबतं आणि मागूनही.

———

कमानपाटा

दादा, जागेचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण या गाडीला फक्त मागे बार लावणं घाटात धोक्याचं आहे.

बार ज्या ॲक्सलला असतो, त्या ॲक्सलवर वळणात आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जास्त सरकतं. त्यामुळे त्या ॲक्सलची एकूण पकड घटते. मागे बार लावला की मागची पकड आधी सुटते. डांबरी रस्त्यावर ही जीप मागच्या चाकांवर चालते आणि व्हीलबेस आखूड. पावसात उतारावर गिअर खाली घेतला की मागची बाजू फिरायला वेळ लागत नाही. शिवाय मागचं आतलं चाक हलकं झालं की साधा डिफ सगळी ताकद त्याच चाकाला देतो आणि ते जागेवर फिरतं.

पुढे बार लावला की उलट होतं. मागची दोन्ही चाकं रस्त्यावर बसून राहतात, आणि पकड सुटलीच तर आधी पुढची सुटते. गाडी वळणात थोडी बाहेर जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. रोजच्या रस्त्याच्या गाडीला हेच हवं. काम अवघड असलं तरी पुढेच करा.

———

मागचा_डिफ

पटलं. ओल्या घाटाचा मुद्दा बिनतोड आहे. माझी सूचना मागे घेतो.

———

गगनगिरी_५४०

किंग पिनला खेळ नाही, स्टिअरिंग सोडलं की मधे येतं. म्हणजे दुखणं कलण्याचंच. बार तपासला: बुशच्या जागी २१.७ मिमी, टेबलावर दोन्ही डोळ्यांत १ मिमी फरक, पेनिट्रंटमध्ये रेघ नाही.

गाडी चाकांवर उभी असताना मोजलं: चासीची बाहेरून रुंदी ७४० मिमी. चासीच्या खालच्या कडेपासून पाट्याखालच्या यू बोल्ट प्लेटपर्यंत २६० मिमी. शॉक लावलेला असताना ॲक्सल खाली लटकतो १५० मिमी, वर बंप रबरपर्यंत ८० मिमी. आता ब्रॅकेट कुठे आणि कसे?

———

उद्यमनगर_लेथ

बार चांगला आहे, लावा.

जागा: बार चासीवर, ॲक्सलच्या पुढे, आर्म मागे ॲक्सलकडे. ॲक्सलवर बार बांधला तर ४ किलो वजन आणि त्याचे ब्रॅकेट चाकांबरोबर उड्या मारणार, आणि चिखल-दगडाचा मार थेट त्यांना. सरळ भाग ॲक्सलच्या मध्यापासून २४० मिमी पुढे येईल, म्हणजे डोळे बरोबर ॲक्सलच्या रेषेत येतील. डोळ्यांचं अंतर ८६० असल्याने ते चासीच्या आणि पाट्याच्या बाहेर ६० मिमी पडतात, लिंक पाट्याशेजारून सरळ खाली उतरू शकते. टायरच्या दृष्टीनेही ॲक्सलच्या रेषेतली जागा सर्वांत निर्धोक, कारण स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायरची पुढची आणि मागची कड आत येते, मधला भाग फार सरकत नाही. तापवून वळवायची गरज पडेल असं वाटत नाही, पण दोन्हीकडे पूर्ण लॉक करून बघायचंच.

चासीखाली स्पेसर: ४० मिमी उंचीचा चौकोनी बॉक्स पाइप, ४ मिमी जाड भिंतीचा. तो नसेल तर चाक वर येताना आर्म चासीच्या खालच्या कडेला लागतो. स्पेसरवर ६ मिमी प्लेट, तिच्यावर डी बुश (बार धरणारा डी आकाराचा बुश) आणि पट्टा. स्पेसर चासीच्या खालच्या पट्टीला वेल्ड करू नका, खालच्या पट्टीत मोठी भोकंही पाडू नका. चासीवर सगळ्यात जास्त ताण याच कडांवर असतो आणि तडा इथूनच चालू होतो. एल आकाराचं ६ मिमीचं ब्रॅकेट करा, त्याचा उभा पाय चासीच्या उभ्या बाजूवर, तिच्या मध्याच्या आसपास, दोन एम १० बोल्टने, ८.८ ग्रेड. बोल्ट आरपार जातो तिथे आतून ५ मिमीची प्लेट, आणि चासी बंद बॉक्स असेल तर आत पाइपचा स्लीव्ह, नाहीतर आवळताना चासी दबते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. नट नायलॉनचे. टॉर्क ४५ ते ५० न्यूटन मीटर.

बुश: २१ किंवा २२ मिमी भोकाचा रबरी डी बुश. २१.७ ला २१ चा चांगला बसेल, थोडा आवळून बसला पाहिजे. रबराला साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, म्हणून साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण वंगण संपलं की करकरतात आणि चिखलात ते लवकर संपतं. दोन्ही बुशच्या आतल्या बाजूला बारावर दोन तुकड्यांची बोल्टने आवळायची कॉलर बसवा, नाहीतर बार डावीकडे-उजवीकडे सरकत राहतो आणि एक लिंक तिरपी ओढली जाते. कॉलर लेथवर अर्ध्या तासात होते. पुन्हा सांगतो, टॅक मारून भागवू नका.

आता लिंक, खरी मेख इथेच आहे. २६० मधून स्पेसरचे ४० आणि बाराच्या मध्यापर्यंतचे साधारण २० वजा केले की २०० उरतात. म्हणजे डोळ्याच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत २०० मिमीची लिंक घेतली तर गाडी उभी असताना आर्म आडवा आणि लिंक त्याला काटकोनात. हेच हवं.

पण तुमची लटक १५० आणि वरची चाल ८०. आर्म २४० चा, ॲक्सल १५० खाली गेला की तो ४१-४२ अंश झुकतो आणि डोळा साधारण ६० मिमी पुढे सरकतो. त्या वेळी आर्म आणि लिंकमधला कोन ९० चा वाढून सुमारे १४९ होतो. हा कोन १५० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. १८० च्या जवळ गेला की आर्म आणि लिंक एका रेषेत येतात, आणि चाक परत वर येताना लिंक उलटी पडते. मग बार वाकतो किंवा ब्रॅकेट फाटतं. लिंक आखूड केली तर हे आणखी लवकर होतं: १२० मिमीच्या लिंकला पूर्ण लटकायच्या आधीच हा कोन १८० ला टेकतो. म्हणून लिंक वरच्या ॲक्सल ट्यूबला न जोडता खाली यू बोल्ट प्लेटला जोडायची, लांबी तिथूनच मिळते.

आणखी एक युक्ती. लिंक २०० ऐवजी २२० ची करा. गाडी उभी असताना डोळा आडव्या रेषेच्या २० मिमी वर राहील. वरची चाल कमी असल्याने तिकडे अडचण नाही, आणि पूर्ण लटकल्यावर कोन १३५ च्या आसपास थांबतो.

हे सगळं कागदावरचं. तुमचा शॅकल पुढे आहे, म्हणून ॲक्सल लटकताना थोडा मागे सरकतो आणि डोळा त्याच वेळी पुढे जातो. दोन्हींमुळे लिंक जास्त तिरकी होते. म्हणून बोल्ट कायमचे आवळण्याआधी गाडी चासीवर स्टँडला घ्या, चाकं लटकू द्या, कोनमापी लावून प्रत्यक्ष कोन बघा. जास्त निघाला तर खालचा बोल्ट १०-१५ मिमी पुढे घ्या.

खालचं ब्रॅकेट: मूळ यू बोल्ट प्लेटला कान वेल्ड करण्यापेक्षा १० मिमीची नवी प्लेट कापून घ्या, बाहेरच्या बाजूला वाढवलेली. तिच्यावर ८ मिमीचे दोन कान, दोन्हींच्या मधे लिंकचा डोळा. एकाच कानावर बोल्ट लोंबता ठेवला की बोल्ट वाकतो. कान प्लेटच्या वरच्या अंगाला ठेवा, खाली ठेवलेत तर पहिला दगड तिथेच लागेल. यू बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तोच आवळ धरत नाही.

लिंक स्वतः: २५ मिमी बाहेरचा, ४ मिमी भिंतीचा सीमलेस पाइप, दोन्ही टोकांना एम १४ चे आटे पाडलेले तुकडे वेल्ड करून, एक उजवा आटा आणि एक डावा, म्हणजे गाडीवर फिरवून लांबी जुळवता येते. आटा किमान २१ मिमी आत गेलेला हवा. दोन्हीकडे लॉक नट. लिंक साध्या पोलादाची आहे, तिला वेल्डिंग चालतं.

———

चिखलवाट

लिंकच्या टोकांबद्दल थोडं. दुकानदार रोज जॉइंट (धातूच्या गोळ्यावर फिरणारे डोळे) दाखवतील, दिसायला देखणे असतात. कोकणातल्या लाल चिखलात आणि ओढ्याच्या पाण्यात त्यांचा खुळखुळा होतो, कारण उघड्या गोळ्याला सील नसतं. रबरी बुशचे डोळे घ्या. शॉक ॲब्सॉर्बरच्या डोळ्याचा बुश कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, त्याच मापाचा पाइपचा तुकडा कापून डोळा करायचा. रबराला आडवी-तिरकी हालचालही सहन होते, आणि वर सांगितलेली ॲक्सलची पुढे-मागे सरक त्यातच जिरते.

हे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळलेत तर गाडी खाली टेकवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आणि बार काढता यायला हवा. घाटात ४० मिमी फरकाला १३०-१४० किलो म्हणालात. दगडांत एक चाक चढलं की लिंकच्या जागी २०० मिमी फरक सहज पडतो, त्या हिशेबाने पावणेसातशे किलो होतात. तेवढं वजन पुढच्या एका चाकावर नसतंच, म्हणजे त्याआधीच लटकणारं चाक हवेत उचललं जाणार आणि पाट्यांचा सगळा फायदा वाया. त्यामुळे वरच्या डोळ्याला बोल्टऐवजी पिन ठेवा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात १२ मिमीच्या पिना आणि त्यांना अडकवायची लिंच पिन मिळते, कडीसकट, हातानेच निघते. पिनचा आणि भोकाचा खेळ मात्र लेथवर बुशिंग घालून काढा, सैल पिन खडखडते आणि भोक लांबट होतं.

रानात शिरण्याआधी दोन्ही बाजूंच्या पिना काढा. एक काढली तरी बाराचा जोर जातो, पण सुटलेली लिंक टायरला किंवा ब्रेक होजला लागते. सुटल्यावर लिंक खाली आडवी पाडून पाट्याला रबरी पट्ट्याने बांधा आणि बाराचे आर्म वर चासीला. परत जोडताना गाडी सपाट जागी उभी करा, म्हणजे दोन्ही डोळे आपोआप समोर येतात. हातोडा मारून पिन घालावी लागत असेल तर जागा सपाट नाही. पिना काढलेल्या असताना डांबरीवर वेगात जायचं नाही, गाडी पूर्वीइतकीच कलणार.

———

गगनगिरी_५४०

फार मोलाची माहिती, आभार. उद्या प्लेट कापायला देतो. एकच शंका: कान वेल्ड करताना बॅटरी काढायची का? आणि बिल-कागदाचं काही?

———

उद्यमनगर_लेथ

प्लेट आणि लिंक गाडीच्या बाहेर टेबलावर वेल्ड करा, गाडीवर एकही वेल्ड लागत नाही. सगळं ब्रॅकेट बोल्टचं ठेवायचं हेही एक कारण. तरी काही गाडीवर करावंच लागलं तर बॅटरीच्या तारा सोडा, अल्टरनेटरचं कनेक्शन काढा, आणि अर्थ वेल्डच्या शेजारीच लावा. अर्थ लांब लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात.

———

सह्याद्री_फोरबायफोर

कागदाचं: भंगारातल्या वस्तूची पावती घ्या, दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख असलेली. चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार. बाकी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि त्या दृष्टीने तुमचा प्रश्न बारापेक्षा लिफ्टचा मोठा आहे. पासिंगच्या आणि विम्याच्या वेळी तो येणार, त्याबद्दल आरटीओत आधीच विचारून घ्या.

———

कमानपाटा

बसवल्यावर लगेच घाटात नेऊ नका.

आधी उभ्या गाडीवर: एक पुढचं चाक ठोकळ्यावर चढवा, दुसरं लटकू द्या, मग बाजू बदला. दोन्ही वेळा स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. बार आणि इंजिनची ऑइल पॅन, डिफ, टाय रॉड, ड्रॅग लिंक, टायरची आतली कड, यांच्यात सगळीकडे किमान १५ ते २० मिमी मोकळं हवं. इंजिन माउंटिंगवर हलतं हे विसरू नका, उभ्या गाडीत १० मिमी दिसलं तर चालत्या गाडीत ते शून्य होऊ शकतं. ब्रेक होजकडे खास बघा. लिफ्टनंतर तो लांब घातला नसेल तर पूर्ण लटकल्यावर ताणला जातो, आणि आता त्याच्या शेजारी लिंकही आली. होज लिंकला घासत असेल तर होजची क्लिप हलवा, लिंक नाही.

मग मोकळ्या मैदानात. डॅशबोर्डवर मोबाइल आडवा पक्का बसवा, कोन दाखवणारं ॲप चालू करा. पिना काढून एका ठराविक वर्तुळात, ठराविक वेगाने फिरवा आणि कलण्याचा कोन बघा. पिना घालून तेच वर्तुळ, तोच वेग. फरक आकड्यात दिसेल. आकडा तुमच्या सोबत्याने वाचायचा, तुम्ही नाही. फरक अगदीच किरकोळ आला तर आधी बुश बघा, बहुतेक वेळा भोक मोठं असतं आणि बार पिळायच्या आधी बुशमध्येच हलतो. उलट स्टिअरिंग जड लागलं आणि ओल्या मातीत पुढची चाकं वळायला नकार देऊ लागली, तर बार जास्त ताठ झाला. तेव्हा बारात आतल्या बाजूला नवं भोक पाडू नका, त्याने आर्म आखूड होऊन तो आणखी ताठ होईल. आधी रबरी बुश थोडे मऊ घेऊन बघा.

१५०-२०० किलोमीटर झाले की यू बोल्ट, चासीचे एम १० आणि लिंकचे लॉक नट पुन्हा टॉर्क करा. नव्या प्लेटवरचा रंग दबतो आणि आवळ कमी होतो, म्हणून प्लेट जिथे टेकते त्या बाजूला जाड रंग देऊच नका, झिंक प्रायमरचा एक पातळ हात पुरे. त्यानंतर सर्व्हिसिंगच्या वेळी चासीवरच्या ब्रॅकेटभोवती धूळ झटकून रंगावर केसासारखी रेघ दिसते का तेवढं बघत चला.